रॉयसच्या गाडीतलं टरफल

माझे आजोबा हार्लन टटल यांनी साठ वर्षांत कोल्ड क्रीकची शनिवारची मोटारींची शर्यत चुकवली नाही. लाल मातीचा अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक, त्यावर गाड्या फक्त डावीकडे वळत फिरतात; आजोबांची जागा तिसऱ्या वळणापाशी, सातव्या पायरीवर. वर्षातून एकदा व्हर्जिनियाच्या डोंगरातली रस्त्यावरची शर्यतही पाहायची. तिथे लोक घडीच्या खुर्च्यांवर बसून चीज खातात आणि गाड्या उजवीकडेही वळतात. "डावीकडे वळता आलं की झालं, बाकी नखरे," आजोबा म्हणायचे आणि दर वर्षी जायचे.

एवढं सगळं पाहिलं, पण मला कळतं तेव्हापासून तिथे भाजक्या शेंगांना हात लावला नाही. शिवाय गरज असो-नसो, टायर रॉयस प्रुइटच्याच दुकानातून घ्यायचे. रॉयस लंगडत बाहेर यायचा. "हार्लन, तुझ्या गाडीला चारच चाकं ना रे? की रोज नवीन फुटतात?"

ही नक्कल मी स्वयंपाकघरात केली, लंगडण्यासकट. आजी ओट्याला धरून हसली. आजोबांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"तो पाय माझ्यामुळे गेलाय," ते म्हणाले.

पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे, आमच्याकडे कोणी शेंगा नेत नाही. नेल्या तर गाडी ट्रॅकच्या भिंतीवर आदळते, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. एकोणीस वर्षांचे आजोबा रॉयसची गाडी ढकलायला गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात पुडी होती. खिडकीतून वाकून रॉयसचे सीटचे पट्टे आवळताना एक टरफल आत पडलं. त्यांनी ते पाहिलं. चारचौघांत हसं होईल म्हणून बोलले नाहीत. एकतिसाव्या फेरीला टायर फुटला, रॉयस भिंतीवर गेला आणि पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

माझं लंगडणं तिथेच थांबलं. मी म्हटलं, "मग सांगून टाका ना त्यांना."

"पन्नास वर्षं तेच करायला जातो. टायर घेऊन येतो."

त्या शनिवारी सातव्या पायरीवर रॉयस नेहमीसारखा शेजारी येऊन बसला, मांडीवर शेंगांची पुडी. पहिल्या गाड्या सुटायच्या आत आजोबा समोर बघत म्हणाले, "रॉयस, त्या दिवशी तुझ्या गाडीत टरफल पडलं होतं. माझं होतं."

रॉयसने शेंग फोडली. "माहितीये. बुटाखाली चुरचुरलं."

"मग उतरला का नाहीस?"

"पहिल्या रांगेत उभा होतो. उतरून गाडी झाडली असती तर सगळ्यांच्या मागून सुटावं लागलं असतं."

"आणि मला कधी बोलला नाहीस?"

रॉयसने पुडीत बोटं घातली, पण शेंग काढली नाही. "तू टायर घेत होतास ना. बोललो असतो तर थांबला असतास," तो हळूच म्हणाला. आता तोही समोरच बघत होता.

गाड्या सुटल्या. लाल धूळ आमच्या पायरीपर्यंत आली. रॉयसने पुडी आजोबांसमोर धरली. आजोबांनी विचारलं, "मी तेव्हा सांगितलं असतं तरी तू गाडीत बसूनच राहिला असतास?"

"बसलो असतो."

"पण मी सांगितलं नाही."

रॉयसने पुडी आणखी पुढे सरकवली. आजोबांनी एक शेंग घेतली, सोलली, दाणे खाल्ले. टरफल मात्र खाली टाकलं नाही. रुमालात बांधून घरी आणलं.