साहेबांच्या गौरी, आमच्या महालक्ष्म्या

मी आयुष्यात एकदाच साहेबांवर उपकार केले, आणि ते आमच्या आईनं मला अजून माफ केलेले नाहीत.

शेगावात एका बियाणे कंपनीचं छोटं ऑफिस आहे. तिथं आम्ही चौघं. पुण्याहून बदलून आलेले साठे साहेब, हिशेबनीस वानखडेताई, गोदाम सांभाळणारे सय्यदभाई आणि सर्वांत जुना कारकून मी, म्हणजे राऊत. सरकारी सुट्ट्या आम्हाला असतातच, पण माणसाचा सण काही सरकारला विचारून संपत नाही. दसऱ्याला धम्मचक्र दिनासाठी नागपूरला गेलेल्या वानखडेताईंना परतायला आणखी एक दिवस लागतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, सय्यदभाईंच्या घरी पाहुण्यांची रांग असते. म्हणून आमचा अलिखित नियम होता: ज्याचा सण तो घरी, बाकीचे काउंटरवर. गेल्या सात वर्षांत या नियमावरून एकदाही भांडण झालं नव्हतं. (चहाच्या साखरेवरून मात्र रोज होई.)

त्या वर्षी माझ्यासाठी हा नियम फार मोलाचा होता. आमच्या घरच्या महालक्ष्म्या आजवर पिंपळगाव राजाला आईकडे बसायच्या. आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. तिनं मुखवटे घेऊन माझ्याकडे शेगावला यायचं ठरवलं, पण अट घातली.

"घरचा कर्ता पुरुष हजर पायजे. बाराच्या आत त्याच्याच हातानं निवद. नाही जमलं तर सांग, मुखवटे सोनाळ्याले धाकट्याकडे जातीन."

"जमते, आई. काऊन नाही जमणार?"

"तुले आजपर्यंत काय जमलं ते सांग, मंग बोलू."

मी त्याच क्षणी ठरवलं की आभाळ कोसळलं तरी नैवेद्य मीच दाखवणार. धाकटा भाऊ आधीच आईचा लाडका, त्यात मुखवटेही त्याच्याकडे गेले असते तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

रजा पक्की करायची तर आधी साहेबांना खूश करावं, असा मी धोरणी विचार केला. संधीही चालून आली. साहेब बैठकीत जरा चाचरतच म्हणाले, "सोमवारी आमच्याकडे गौरी जेवतात. मला पुण्याला जायचं होतं. ऑफिसची जबाबदारी कोणी घेईल का?"

मी ताडकन उभा राहिलो. "साहेब, तुम्ही बिनधास्त जा. तुमच्या गौरीले मी आहे ना!"

"पण राऊत, तुमच्याकडे गौरी नसतात?"

"नाही साहेब," मी छाती फुगवून म्हणालो. "आमच्याकडे महालक्ष्म्या असतात!"

सय्यदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. वानखडेताईंनी सय्यदभाईंकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्या मनाच्या मोठेपणानं दोघं भारावले.

बाहेर आल्यावर सय्यदभाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "राऊतभाऊ, तबियत ठीक आहे ना?"

"हाव. काऊन?"

"तुमच्या महालक्ष्म्या कधी जेवतात?"

"बायकोले माहीत. पुढच्या आठवड्यात हायेत."

वानखडेताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या नाकासमोर धरलं. "भाऊ, सोमवारी काय लिहेल आहे ते वाचा बरं."

"ज्येष्ठा गौरी पूजन."

"मंग?"

(आता कबूल करायलाच हवं. ही अक्षरं मी लहानपणापासून वाचत आलो होतो. ज्येष्ठा गौरी ही कोणीतरी वयस्कर, पुण्याकडची वेगळी देवी असावी, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.)

"अहो, ज्यायले पुण्यात गौरी म्हणतात, त्याच तुमच्या महालक्ष्म्या!" ताई म्हणाल्या.

"माह्या वर्गातला जोशी सांगे," सय्यदभाईंनी पुस्ती जोडली. "तुमाले कोनी सांगितलंच नाही का इतक्या सालात?"

बौद्ध ताई आणि मुसलमान भाई मिळून मला माझा सण समजावून सांगत होते, आणि मी घाम पुसत होतो.

तसाच अर्ज लिहून मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. त्यांनी 'महालक्ष्मी पूजनासाठी रजा' एवढंच वाचलं आणि हसले. "अहो राऊत, लक्ष्मीपूजनाला तर ऑफिस बंदच असतं! दिवाळीला अजून वेळ आहे." मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मोबाइलवर रेल्वेचं पक्कं झालेलं तिकीट दाखवलं. "आठ वर्षांनी गौरींना घरी जातोय. आई फोनवर रडलीच. तुमच्यामुळे हो!"

आता अशा माणसाचं तिकीट रद्द करायला लावायचं? मला नाही जमलं. माझा अर्ज मी खिशात घातला. पण तिथेच दुसरा निश्चय केला: साहेबांना दिलेला शब्द मोडायचा नाही आणि आईला दिलेलाही नाही. घर ऑफिसपासून गाडीवर दहा मिनिटांवर. साडेअकराला निघायचं, नैवेद्य दाखवायचा, साडेबाराला परत.

"तेवढा वेळ आम्ही पाहतो," ताई म्हणाल्या.

"तुमी फक्त गाडीत पेट्रोल टाका," सय्यदभाई म्हणाले.

सोमवारी नेमकी शेतकऱ्यांची झुंबड उडाली. साडेअकराचे पावणेबारा झाले. घरी जाऊन कपडे बदलण्यातला वेळ वाचावा म्हणून मी गोदामातच रेशमी सोवळं नेसलो, उघड्या अंगावर उपरणं टाकलं आणि कपड्यांच्या पिशवीसकट बाहेर आलो. तेवढ्यात टेबलावरच्या लॅपटॉपवर हेड ऑफिसचा व्हिडिओ कॉल वाजला. हा कॉल रोज चारला येतो. ताईंनी सवयीनं बटण दाबलं आणि पडद्यावर एक मॅडम प्रकटल्या.

"साठेंच्या जागी आज इनचार्ज कोण आहे?"

"मी," मी उपरणं गळ्यापर्यंत ओढत म्हणालो.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. "हे... काय घातलंय तुम्ही?"

ताई पुढे सरसावल्या. "मॅडम, आज आमच्या इथं पारंपरिक पोशाखाचा दिवस आहे!"

सय्यदभाईंनी क्षणात खिशातली टोपी काढून डोक्यावर चढवली. ताईंनी आपल्या पांढऱ्या ओढणीचा पदर नीट केला. आम्ही तिघं पडद्यासमोर रांगेत उभे.

मॅडमचा चेहरा उजळला. "किती सुंदर! सगळ्या धर्मांचे लोक एकत्र! थांबा, मी सगळ्यांना बोलावते."

आणि त्यांनी खरोखरच सगळ्यांना बोलावलं! पडद्यावर अकरा चौकोन उघडले. प्रत्येक चौकोनाला एक प्रश्न होता. एकानं सय्यदभाईंना शीरखुर्म्याची कृती विचारली. दुसऱ्यानं ताईंना नागपूरची गर्दी विचारली. मला विचारलं, "आज तुमचा कोणता सण आहे?"

"गौरी, ऊर्फ महालक्ष्मी!" मी ओरडलो. (आता तरी घोळ नको.)

"मग तुम्ही घरी का नाही?"

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटी सय्यदभाईंनी इंटरनेटची वायर पायानं ओढली आणि अकराच्या अकरा चौकोन विझले.

"भागा!" ते म्हणाले. त्या दोघांसाठी माझा ऊर तेव्हा अक्षरशः भरून आला, पण आभार मानायलाही वेळ नव्हता.

मी तसाच उघड्याबंब अंगानं गाडीवर बसलो. शेगावात भाविकांना तोटा नाही. स्टेशन रोडवर दोन बायकांनी मला कोणी महाराज समजून हात जोडले, एका आजोबांनी गाडी थांबवून पाया पडायचा प्रयत्न केला. त्यांना आशीर्वाद देण्यात माझी आणखी दोन मिनिटं गेली.

घरात शिरलो तेव्हा पंगत बसली होती. महालक्ष्म्यांसमोर पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं मांडलेलं. समईजवळ माझी बायको मंदा हात जोडून उभी होती.

"निवद?" मी धापा टाकत विचारलं.

"झाला," आई म्हणाली. "बाराले पाच कमी असतानीच. सुनबाईनं दाखवला."

"पण आई, घरचा कर्ता..."

"जो घरी असते तो कर्ता. महालक्ष्म्या का तुह्या ऑफिसात नोकरीले हायेत, वाट पाहत बसाले?"

मला खरंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. मी हळूच विचारलं, "मंग मुखवटे सोनाळ्याले?"

"काऊन? सुनबाई इथं हाय ना!" आई म्हणाली आणि पुरणाचं ताट माझ्याकडे सरकवलं. "आन खरं सांगू काय? इतकी वर्सं तू आरती म्हणून राह्यला, पण शब्द मले यंदा पयल्यांदा समजले."

पुढच्या वर्षी मी दोन महिने आधी अर्ज दिला, 'गौरी ऊर्फ महालक्ष्मी' असं ठळक लिहून. रजा मंजूर झाली. आदल्या वर्षीच्या गोंधळाची भरपाई म्हणून मी पहाटेच आंघोळ केली, सोवळं नेसलो आणि आईसमोर जाऊन उभा राहिलो.

"आला का? लय बरं झालं," आई म्हणाली. "कर्ती माणसं आत कामात हायेत. तू दारात बस आन पाहुण्यायच्या चपला सांभाळ."

तेव्हापासून ती ड्यूटी माझ्याकडेच आहे. ऑफिसात दोघांनाही विचारून पाहिलं, पण त्या कामाला मात्र बदली म्हणून यायला कोणी तयार नाही!