कोर्टात ठेवलेला दाखला

मंगळू दत्तू भोये घरात काही ठेवत नाही. म्हणजे ठेवण्यासारखी वस्तू असली, तर ती घरात ठेवत नाही. लग्नातली पितळी घागर त्याच्या बहिणीकडे असते, भाताचं बियाणं सासुरवाडीला मेहुण्याच्या कणगीत, आणि चांगलं धोतर पाड्याच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या ट्रंकेत. त्याची बायको भागीबाई यावरून आयुष्यभर करवादत आली आहे. "पाव्हणा आला का तांब्या शेजारून आनायचा. घर हाय का धर्मशाळा?" ती म्हणते. मंगळू हसतो आणि तांब्या आणायला जातो.

वेडेपणा म्हणावा तर त्याला कारण होतं. सुरगाण्याच्या अलीकडे डोंगरात त्याचा चाळीस घरांचा पाडा. तो तेरा वर्षांचा असताना चैत्रात त्यांचं कुडाचं घर पेटलं आणि तासाभरात नागली, बियाणं, आईचे कपडे, सगळ्याची राख झाली. वाचली एकच गोष्ट. त्याच्या बापाचा, दत्तूचा, शाळा सोडल्याचा दाखला. तो त्या दिवशी काही कामासाठी मास्तरांकडे दिलेला होता. मंगळूने त्यातून जो धडा घेतला तो पक्का घेतला: जे आपल्या घरात नाही, तेच राहतं.

पुढे तो तिशीत असताना चुलतभावाने जमिनीवर हक्क सांगितला. दत्तू हा त्या घराण्यातला मुलगाच नव्हे, असं त्याचं म्हणणं. दावा कोर्टात गेला. वकिलांनी विचारलं, दत्तू कोणाचा मुलगा हे सांगणारा काही कागद आहे का? मंगळूने दाखला आणून दिला. एकोणीसशे सेहेचाळीस सालचा, पिवळा पडलेला, वर बापाचं नाव, आजाचं नाव आणि जातीच्या रकान्यात बोरूने लिहिलेलं 'हिंदू कोकणा'. दावा तीन वर्षं चालला आणि मंगळू जिंकला. तेव्हा वकील म्हणाले होते, "अर्ज करून तुझा दाखला परत घेऊन जा."

मंगळूने घेतला नाही. कोर्टातली लोखंडी कपाटं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. कुलूप, पहारेकरी, पक्की भिंत, वर स्लॅब. बहिणीचं घर काय आणि मास्तरांची ट्रंक काय, याच्यापुढे सगळं पोरखेळ! तो मोकळ्या हाताने घरी आला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं दिंडोरीच्या बागांमध्ये द्राक्षं खुडताना, छाटणीला जाताना, भाताच्या आवणीच्या चिखलात, जो भेटेल त्याला सांगत राहिला, "माझ्या बापाचा कागद सरकारच्या कपाटात हाय."

यंदा त्याची नात रोशनी बारावी झाली आणि तिला नाशिकला नर्सिंगच्या कॉलेजात जागा लागली. पाड्यावरून पहिलीच. तिचा बाप, मंगळूचा मुलगा राजू, नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यात मशीनवर असतो, त्याने तिथे पेढे वाटले. मात्र जागा आदिवासींसाठी राखीव होती, आणि महिनाअखेरपर्यंत जातपडताळणीचा कागद दिला नाही तर ती जाणार होती. पडताळणीला पन्नास सालाआधीचा पुरावा हवा. घरात आजवर कोणी पडताळणी केलेली नव्हती. दत्तूच्या शाळेचं रजिस्टर कधीच पावसात भिजून लगदा झालेलं, आणि तहसिलातल्या जुन्या नोंदीत जातीच्या जागी नुसतं 'हिंदू'. राजू फोनवर रडकुंडीला आला.

मंगळू मात्र उठून उभा राहिला. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याचं म्हणणं कधी इतकं खरं ठरलं नव्हतं. "रडता काय रं? कागद हाय ना!" तो म्हणाला, आणि मास्तरांकडे धोतर आणायला गेला.

रोशनीला घेऊन तो पहाटेच्या गाडीने नाशिकला आला. दावा तालुक्याला चालला होता, पण जुनं दप्तर आता इथल्या कोर्टात आणून ठेवलेलं. रेकॉर्डच्या खिडकीत योगिनी नावाच्या कारकूनबाई होत्या. मंगळूने त्यांना नमस्कार केला आणि ठेवलेली वस्तू परत मागावी तसा म्हणाला, "बाई, माझा दाखला द्या. निघायची घाई हाय."

बाईंनी विचारलं, "दावा नंबर?"

नंबर कोणाकडे होता? वकील वारून दहा वर्षं झाली होती, त्यांच्या ऑफिसात आता कपड्यांचं दुकान होतं. रोशनीने मोबाईलवर शोधलं, पण त्यात सगळे अलीकडचे दावे. बाई म्हणाल्या, "निदान साल सांगा, म्हणजे रजिस्टर बघता येईल." मंगळूने साल सांगितलं ते त्याच्या पद्धतीने: राजू रांगत होता, आणि त्या उन्हाळ्यात त्यांचा तांबडा बैल कड्यावरून पडला. मागे रांगेतले दोघे हसले. बाई हसल्या नाहीत. राजूची जन्मतारीख रोशनीला विचारून त्यांनी मागची-पुढची धरून तीन सालं कागदावर मांडली, शोधाचा अर्ज लिहायला सांगितला, त्यावर स्टॅम्प लावून घेतला आणि चार दिवसांनी या म्हणाल्या.

चार दिवसांनी नंबर सापडला होता. वर्ष अठ्ठ्याऐंशी, वादीत चुलतभावाचं नाव, प्रतिवादीत 'मंगळू दत्तू भोये'. रोशनीने मोठ्याने वाचलं तेव्हा मंगळूने तिला ते पुन्हा वाचायला लावलं. बाईंनी दाखला परत मागणारा अर्ज घेतला आणि दप्तर काढायला आठवडा लागेल म्हणून सांगितलं. महिनाअखेरीला बारा दिवस उरले होते. बाहेर पडल्यावर मंगळूने नातीला रसवंतीत बसवून उसाचा रस पाजला. गाडीतही शेजारच्या माणसाला त्याने कपाटाची गोष्ट सांगितली. रोशनी खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकून हसत होती. त्या दिवशी ती दोघं खरोखर सुखात होती, एवढं मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे सांगण्यासारखं सुख नाही.

आठवड्याने ती गेली तेव्हा योगिनीबाईंनी खिडकीतून उत्तर दिलं नाही. बाजूचं दार उघडून दोघांना आत बाकावर बसवलं. टेबलावर एक पातळ फाईल होती. मंगळूची नजर आधी त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटांकडे गेली. तीच जात, तोच हिरवा रंग.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "निकाल आणि हुकूमनामा कोर्ट कायम ठेवतं. ते आहेत. बाकीचे कागद मुदत संपली की नियमाने नष्ट करतात. तुमच्या दाव्याचे अकरा वर्षांपूर्वी झाले."

"व्हऊ द्या," मंगळू म्हणाला. "माझा दाखला तेवढा द्या."

बाईंनी रोशनीकडे पाहिलं. रोशनीला कळलं होतं. तिने विचारलं, "निकालात दाखल्याचा उल्लेख असेल ना?"

होता. बाईंनी पान काढून दिलं आणि रोशनीने बोट ठेवून वाचलं. निशाणी तेवीस, शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरून दत्तू हा सोमा भोये याचा मुलगा असल्याचे शाबीत होते. तिने पुढचं पान वाचलं, मागचं वाचलं, पुन्हा पुढचं वाचलं. जातीबद्दल एक अक्षर नव्हतं. न्यायाधीशांना नातं ठरवायचं होतं, ते त्यांनी ठरवलं. जातीच्या रकान्याशी त्यांना तेव्हा काय देणंघेणं?

मंगळूच्या डोक्यात हे शिरेना. त्याचा आवाज चढला. "असं कसं जाळलं? माझ्या बापाचा कागद! इचारायचं नाय का? मी काय मेलो व्हतो? गाव सोडून गेलो व्हतो?"

बाई रागावल्या नाहीत. फाईल बंद केली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटलंही असेल. पण माणूस विचारत होता, आणि त्याचं उत्तर फाईलमध्ये होतं. त्यांनी शेवटच्या पानाला टाचलेला तपकिरी लिफाफा त्याच्यापुढे सरकवला. "विचारलं होतं, आजोबा. ज्यांचे मूळ कागद पडून होते, त्यांना नोटीस गेली होती. घेऊन जा म्हणून."

लिफाफ्यावर मंगळूचं नाव, पाड्याचं नाव आणि पोस्टाचा शिक्का होता. तो कधी उघडलेलाच नव्हता. कोपऱ्यात निळ्या शाईत पोस्टमनने दोन शब्द लिहिले होते. रोशनीने ते मनात वाचले आणि मग, आजा आपल्याकडे बघतोय म्हणून, मोठ्याने वाचले. "घेण्यास नकार."

मंगळूला तो दिवस लख्ख आठवला. हरल्यावर चुलतभाऊ वरच्या कोर्टात जाईन म्हणून वर्षानुवर्षं धमकावत होता. आणि डोंगरातल्या पाड्यांवर पोराटोरांनाही ठाऊक असतं की कोर्टाचा लिफाफा घ्यायचा नसतो. घेतला की तारीख लागली, नाही घेतला तर कोर्टाला तुम्ही सापडलाच नाहीत. पोस्टमन सायकल उताराला टेकवून उभा होता. भागीबाई म्हणाली होती, "घ्या ना, काय हाय ते बघू तरी." आणि मंगळू अंगणात चार माणसांदेखत कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, "लिही, घेत नाय!" त्या चौघांनी त्याला शाबासकी दिली होती. नंतर कित्येक दिवस तो ही हुशारी सांगत होता.

"आजा," रोशनीने हळूच विचारलं, "तू तेव्हा बागेवर असशील ना? छाटणीला?"

तिने त्याला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं.

"घरीच व्हतो," मंगळू म्हणाला.

योगिनीबाईंनी त्याला पाणी दिलं. निकालाची नक्कल तरी घेऊन ठेवा, कधी उपयोगाला येईल, असं म्हणाल्या. त्यांनाही माहीत होतं की येणार नाही. गाडीत दोघं शेजारी बसली. रोशनी रडली असती तर मंगळूला सोसलं असतं. ती रडली नाही, आणि उतरताना तिने नेहमीसारखा त्याला हात दिला.

निकाल जोडून तिने अर्ज केला, तो पुराव्याअभावी परत आला. तीस तारखेला जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पुढच्या रविवारी राजू आला तो तिला न्यायलाच. अंबडला त्याच्या शेजारच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घेत होते. येताना त्याने नाशिकहून नक्कल आणली होती, चार पानं, प्रत्येक पानावर कोर्टाचा गोल शिक्का. त्याने ती बापाच्या हातात दिली आणि लगेच पाठ फिरवली. सगळा राग त्या पाठ फिरवण्यात होता, आणि तो मंगळूला मान्य होता.

रोशनी कपडे पिशवीत भरत होती. मंगळू नक्कल घेऊन तिच्याजवळ उभा राहिला. मास्तरांची ट्रंक होती, बहिणीचं घर होतं. पण त्याला स्वतःला ठरवता येईना.

"पोरी, ह्ये कुठं ठिवू?"

तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "आता कुठंही ठेव, आजा."

बाप-लेक बोलत उतारावरून गाडीकडे गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मंगळू आत आला. नकलेची चार पानं त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी कुडाच्या खुंटीला, चुलीच्या वरच्या अंगाला, अडकवून दिली. भागीबाई म्हणाली, "तिथं ठिणगी उडती." तो हो म्हणाला, आणि पिशवी तिथेच राहू दिली.