आमच्या बोळातून बंडी मागे घेणं

आमचा बोळ एकाच तोंडाचा होता. रस्त्यावरून आत शिरला की थेट आमच्या दाराशी येऊन संपायचा. बैलगाडीला आमच्याकडे बंडी म्हणतात, आणि ती त्या बोळात जेमतेम मावायची. आत यायला काही कष्ट नव्हते, घर दिसलं की बैल आपणहून ओढत आणायचे. पण आत वळायला जागा नव्हती, आणि अंगणाचं दार बैलापुरतं होतं, बंडीपुरतं नव्हतं. त्यामुळे आत आलेली प्रत्येक बंडी आल्या वाटेनं उलटी, मागे मागे रेटत बाहेर काढावी लागे. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा. कधी सरकारातला कुणी गावात आलाच, तर तो आपली दमणी, म्हणजे बसायची हलकी गाडी, रस्त्यावर उभी करून बोळात पायी यायचा. सरकारात अक्कल असते, हे मी तेवढ्यावरूनच मान्य करते.

मला भाऊ नव्हता. शेतात खत न्यायचं, कापूस घरी आणायचा, मोताळ्याच्या बाजाराला जायचं, सगळं बाबा एकटेच करायचे. मी बंडी शिकायचा हट्ट धरला तेव्हा मायनं कपाळावर हात मारला. "पोरीच्या जातीले काऊन पाहिजे हे?"

"शिकू दे वं," बाबा म्हणाले. "लाटणं तं ते हातात धरत नाही, कासरा तरी धरू दे."

पुढे हाकायला मी दोन-चार खेपांत शिकले. मागे घेणं मात्र मुलखाचं अवघड. एक तर बैलाला जन्मभर कुणी मागे जा म्हणत नाही, त्यामुळे ही काय नवी थट्टा, अशा नजरेनं तो तुमच्याकडे पाहतो. बैलांच्या तोंडासमोर उभं राहायचं, जुवावर दोन्ही हात ठेवायचे आणि "मांगं, मांगं" म्हणत रेटायचं. आमचा पांढरा मागे सरायचा तेव्हा तांबडा जागचा हलायचा नाही, आणि तांबडा सरला की पांढऱ्याला चारा आठवायचा. त्यात आपण उलटे उभे, म्हणून आपला उजवा तो बैलांचा डावा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, जू इकडे दाबलं की बंडीचं बूड तिकडे जातं.

बोळात शेजारच्या काकूंची लांबलचक भिंत होती आणि भिंतीवर त्यांच्या गोवऱ्या थापलेल्या असायच्या. माझं चाक हमखास तिथेच जायचं. चाक भिंतीकडे चाललं की मी घाबरून जू भिंतीपासून दूर ढकलायचे, आणि चाक आणखी जोमानं भिंतीत घुसायचं. गोवऱ्या धपाधप खाली. काकू आतून ओरडायच्या, "आली वाट्टे भवानी!" मग माझा, माझ्या मायचा आणि दोन्ही बैलांचा उद्धार व्हायचा. बाबांना मात्र काकू कधी काही बोलल्या नाहीत, कारण बाबांचं चाक त्या भिंतीला कधी लागलंच नाही.

बाबांनी मला एकच गोष्ट शिकवली, पण ती माझ्या डोक्यात शिरायला आख्खा उन्हाळा गेला. "ज्या भिंतीचं भेव वाटते ना, जू त्याच भिंतीकडं दाबत जाय. मंग बूड तिच्यापासून सुटते." मनाला हे पटत नाही. हात ऐकत नाहीत. पण एके दिवशी हातांनी ऐकलं आणि बंडी रस्त्यापर्यंत सुतासारखी सरळ गेली. मी वळून पाहिलं तर काकू दारात उभ्या. गोवऱ्या शाबूत होत्या, तरी शिव्या तयार करून आणलेल्या वाया कशा घालवायच्या, म्हणून त्यांनी बैलांना दोन घातल्या.

मी लग्नाची झाले तेव्हा बाबांनी त्या बोळाचा एक वेगळाच उपयोग काढला. पाहुणे मला पाहायला आले की बाबा अगत्यानं त्यांची बंडी थेट दारापर्यंत आणवायचे. पोहे व्हायचे, मी खाली मान घालून बसून यायचे, शेतीभातीचं बोलणं व्हायचं. मग निघायच्या वेळी पाहुण्यांच्या गड्याला बाबा जेवायला बसवायचे आणि सहज म्हणायचे, "त्याले खाऊ द्या पोटभर. बंडी काय, नवरदेवच काढीन." आणि ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसायचे.

पहिल्यानं बैलांना तुतारी टोचली. तुतारी म्हणजे टोकाला आर लावलेली काठी. बाबा उठून आत आले आणि मायला म्हणाले, "आज बैलाले टोचते, उद्या पोरीले टोचीन." मलाही ते पटलं. दुसऱ्यानं मात्र बंडी अशी काढली की मी दाराच्या फटीतून पाहत होते ती थक्क झाले. गोवरीला धक्का नाही, बैलाला शब्द नाही. माय खूश झाली. बाबा पान चघळत म्हणाले, "लय लवकर काढली. उतावळा दिसते पोरगा."

माय त्या दिवशी चुलीशी बोलावं तशी बोलत होती. "टोचलं तरी नाही, नाही टोचलं तरी नाही. पोरगी काय लोणच्यात घालता?" बाबा बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. माझ्या बरोबरीच्या मुली तोवर कडेवर पोरं घेऊन माहेरी येऊ लागल्या होत्या. मला स्वतःला घाई नव्हती, पण बोळाच्या तोंडाशी आपलं आयुष्य अडकून बसलंय, याचा राग यायला लागला होता.

मग देऊळघाटचं स्थळ आलं. मुलगा उंच, जरा वाकून चालणारा. पोहे खाताना त्याला ठसका लागला आणि तो स्वतःच हसला. मला तो तिथेच आवडला. फटीला डोळा लावून मी देवाला म्हणत होते, बाकी काही देऊ नको, एवढी बंडी याच्या हातून काढ.

देवानं ऐकलं नाही. पहिल्याच रेट्याला चाक काकूंच्या भिंतीत. त्यानं बंडी पुढे घेतली, पुन्हा रेटली, पुन्हा भिंतीत. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं होतं. काकू पदर खोचून बाहेर आल्या, तोंड उघडलं, तोवर हा पोरगा खाली बसून पडलेल्या गोवऱ्या गोळा करायला लागला होता. "काकू, ओल्या कोणत्या अन् सुक्या कोणत्या, सांगा फक्त." काकूंचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग मिटलं. त्या बोळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

मग तो बाबांकडे आला. "मामाजी, मले हे जमत नाही."

"मंग?" बाबांनी मजेत विचारलं.

त्यानं बैल सोडले, आमच्या अंगणात आणून बांधले, आणि बंडीच्या मागे जाऊन उभा राहिला. "मी मांगून ओढतो. तुम्ही पुढून धुरा धरा, म्हणजे मले भिंत लागणार नाही." बाबा ओट्यावरून उतरले कसे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. होणारा जावई मागून ओढतोय आणि परीक्षा घेणारे सासरे बैलांच्या जागी धुरा धरून रेटताहेत, "डावीकडं बे, डावीकडं!" म्हणून ओरडताहेत, अशी ती वरात रस्त्यापर्यंत गेली. माय पदर तोंडात कोंबून हसत होती.

पाहुणे गेले. बाबा धोतराची धूळ झटकत आत आले आणि म्हणाले, "माणूस बरा आहे. पण पोराले बंडी मांगं घेता येत नाही."

मी दाराआडून बाहेर आले. वडिलांसमोर स्वतःच्या लग्नाचं बोलणं तेव्हा भलतंच मानत. पण मी बोलले, "त्याले येत नाही तं काय झालं? मले येते ना. घरात एकाले आलं तरी पुरते."

बाबांनी मायकडे पाहिलं. मायनं चुलीत उगाच फुंकर घातली. मग बाबा म्हणाले, "मीच शिकवलं, मलेच भोवलं," आणि पानाचा डबा न घेताच बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देऊळघाटला होकार धाडला.

आमच्याकडे मुलीनं आपल्या घराच्या दारातच बंडीत बसायचं, अशी रीत. म्हणजे आमच्या घरच्या मुली सासरी जातात त्या उलट्या जातात, घराकडे तोंड करून. माझ्या आत्या तशाच गेल्या होत्या. लग्न लागल्यावर मी बंडीत बसले, शेजारी हे बसले. मग हे उतरायला लागले, तशी बाबांनी हात केला. "जावईबुवा, तुम्ही बसा. तुम्हाले जमणार नाही." आणि ते बैलांच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले, माझ्यासमोर. जुवावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मांगं."

बंडी थोडी सरली आणि चाक काकूंच्या भिंतीत गेलं. बाबांचं चाक. गोवऱ्या धपाधप पडल्या. बाबांनी बंडी पुढे घेतली, जू भिंतीपासून दूर ढकललं, आणि चाक पुन्हा भिंतीत. सगळा बोळ पाहत उभा. काकू दारातच होत्या. "लागू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "भिंत काय, उद्या सारवीन."

बाबा मान वर करत नव्हते. त्यांना समोरचं दिसत नव्हतं, हे मला कळलं, आणि माझ्याही डोळ्यांची तीच गत झाली. पण कुणीतरी बोलायला हवं होतं. नवरीनं बोलू नये असं म्हणतात, तरी मी शालू सावरून ओरडले, "बाबा, भिंतीकडंच दाबा! भेव वाटते तिकडंच!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओल्या चेहऱ्यानं हसले. मग जू भिंतीकडे दाबलं. चाक सुटलं, बंडी सरळ झाली, आणि मला बोळाबाहेर ढकलत ते रस्त्यापर्यंत माझ्यासमोर चालत आले.