मनगटाने वर केलेला चष्मा

परवा चौकातल्या चिकनकारी भरतकामाच्या दुकानात शिरले, तर खळीच्या कोऱ्या कापडाचा वास आला. कोपऱ्यातल्या बाईने सुईत दोरा ओवताना घसरलेला चष्मा मनगटाने वर सारला आणि मी दारातच थांबले.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. बाबा रेल्वेत इंजिनियर आणि लखनौच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांतले ठरलेले शिवाजी महाराज. तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी ते तालमीला गेले. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

त्या वर्षी मंडळाच्या नाट्यशिबिराला एक स्वीडिश पाहुणा आला होता. नट, दिग्दर्शक, शिवाय आपल्या नाटकांतली गाणीही स्वतःच लिहिणारा. गिटार छेडत त्याने सगळ्यांना सांगितलं, घरातलं रोजचं एखादं काम करून दाखवा, पण तोंडातून शब्द नको.

मला वाटलं, बाबा तलवार उपसणार. ते तर खाली मांडी घालून बसले. हातात नसलेल्या सुईत ते दोरा ओवू लागले. टोक ओठांत ओलं केलं, डोळे बारीक केले आणि मनगटाने चष्मा वर सारला. बाबांना चष्मा नव्हताच.

"आई!" मी सगळ्यांसमोर किंचाळले.

गिटार थांबली.

बाबांनी मान वर केली. "तुला काय वाटलं गं, मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही?"

याचं उत्तर मी त्यांना शेवटपर्यंत दिलं नाही. कारण मला खरंच तसं वाटलं होतं.