पाटावरची मूठभर माती

रिकामा पाट घरी आणायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. विसर्जन झालं की ज्या पाटावरून गणपती नेला, त्याच पाटावर पाण्याकाठची मूठभर माती घ्यायची. घरी आल्यावर चिमूटभर तुळशीत टाकायची, चिमूटभर गव्हाच्या कोठीत. देव गेला तरी घर ओकंबोकं वाटू नये, असा काहीतरी हिशेब असावा. मी त्या मातीचा कधी फारसा विचार केला नाही. माझ्या आईला मात्र मातीतलं कळतं, आणि तिथंच माझा घात झाला.

आईचं सासरचं घर जुन्या पळसदेवात होतं. धरण झालं, उजनीचं पाणी मागं चढत आलं आणि गाव उठवून वर माळावर बसवलं. मी तेव्हा तिच्या कडेवर होतो, त्यामुळे मला त्या घराचं काही म्हणता काही आठवत नाही. तिला मात्र चुलीमागच्या कोनाड्यापर्यंत सगळं पाठ आहे. वडील गेल्यावर मी तिला बारामतीला माझ्याकडे आणलं. ती आली, पण एक अट घालून. गणपती पळसदेवच्या पाण्यातच सोडायचा.

"त्येला त्येच्या घरी पोचवायचं," ती म्हणायची. "हितं आपुन पावन्यावानी."

"अगं, कॉलनीच्या कोपऱ्यावर हौद केलाय. दोनशे पावलं. देवाला काय, पानी ते पानी."

"मग तू कामावर, डेरीत, कुनाच्या बी खुर्चीत जाऊन बसतूस का?"

दरवर्षी गौरींबरोबर गणपती निघाला की मी कुरकुरत गाडी काढायचो, मूर्ती पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावायचो, आणि भिगवणमार्गे पळसदेवला जायचो. आई मागच्या सीटवरून रस्ताभर "हळू, हळू" म्हणायची. ते मला असायचं की देवाला धीर द्यायला, देव जाणे.

तीन वर्षांपूर्वी पावसानं ओढ दिली. गणपती बसले तरी उजनी भरलेली नव्हती. नव्या गावातून फोन आला की वरच्या आळीची जोती अजून उघडीच आहेत. आमचं घर वरच्या आळीला. तसं उन्हाळ्यात पाणी आटलं की जोती दिसतात, पण उन्हाळ्यात नुसती माती आणायला जाणं आईला पटायचं नाही. माती आणायची ती देवाला पोचवूनच. इतक्या वर्षांत गणपतीच्या दिवसांत जोतं उघडं असल्याचं तिला पहिल्यांदाच कळलं, आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा गुडघा असा सुजला की जिना उतरवेना.

विसर्जनाच्या सकाळी तिनं मला कॉटपाशी बसवून घेतलं. "तू जा. देवळाच्या मागनं वर चढलं की आपलं जोतं. कोपऱ्यात पाट्याचा दगड हाय, त्यो आमी हालवला न्हाय. त्येच्या म्होरं चूल हुती. तितली मूठभर आन. मग मला काय बी नको."

"आनतो," मी म्हणालो.

त्या दिवशी डेअरीत उशीर झाला. एमआयडीसीतल्या एका डेअरीत मी दुधाचे नमुने तपासतो. कशात काय मिसळलंय हे शोधण्यात माझा निम्मा जन्म गेला आहे. एका टँकरचा नमुना दोनदा लावावा लागला आणि घरी यायला पाच वाजले. बायकोनं उत्तरपूजा उरकली होती. आईनं देवाच्या वाटेसाठी दहीपोह्यांची शिदोरी आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या फडक्यात बांधून ठेवली होती. "शिदोरी फडक्यासकट पान्यात सोड," तिनं बजावलं. मी मूर्ती घेऊन एकटाच निघालो.

कॉलनीच्या कोपऱ्यावर ढोल वाजत होते, रस्ता अडला होता. पुढं भिगवण रस्त्यालाही मिरवणुका असणार. जाईपर्यंत अंधार पडेल, चिखलात पाय घसरेल, साप-किरडू असेल, असं सगळं मनात आलं. खोटं कशाला बोलू, ही कारणं नंतर सुचली. आधी मला कंटाळा आला होता.

मी गाडी हौदापाशीच लावली. तिथल्या पोरांनी मूर्ती हळुवार घेतली, तीनदा बुडवून वर काढली, मग सोडली. मोरया म्हणताना माझा आवाज सगळ्यात मोठा होता. हौदाशी उतरायला मुरूम टाकून उतार केला होता, त्याच ढिगातली मूठभर मी पाटावर घेतली. लगेच घरी गेलो असतो तर पकडला गेलो असतो. म्हणून भिगवण रस्त्याच्या एका टपरीवर दोन तास बसून राहिलो. तीन चहा झाले. पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा लक्षात आलं की शिदोरी सीटवरच राहिली आहे. इकडं तिकडं बघितलं आणि देवाची शिदोरी मीच खाल्ली. दहीपोहे फार छान झाले होते.

घरी आलो तर आई जागची हललेली नव्हती.

"घावलं घर?"

"घावलं की."

"पाट्याचा दगड?"

"हाय. जाग्याव हाय."

या शेवटच्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. बाकीचं खोटं आळसातून आलं होतं, हे मी तिला खूश करायला वर घातलं होतं. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

मग तिनं पाट मांडीवर घेतला. चिमूट उचलली, तळहातावर ठेवली आणि अंगठ्यानं चोळली. शेतात वापसा आलाय का ते ती अशीच बघायची. पळसदेवची माती काळी, हाताला धरणारी, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. ही तांबडी, करकरीत, हातावर न थांबणारी. तिनं बराच वेळ चोळली, दिव्याकडं धरून बघितली, परत चोळली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला तो मी बघत होतो.

"दमला असशील," ती म्हणाली. "हातपाय धू."

ती माती तुळशीत गेली नाही आणि गव्हातही गेली नाही. कुठं गेली ते मला विचारवलं नाही. चार दिवसांनी बायको धुवायचे कपडे झटकत होती, तर माझ्या पँटच्या खिशातून हिरवं फडकं पडलं, त्याला चिकटलेल्या वाळक्या पोह्यांसकट. आई शेजारीच घड्या घालत बसली होती. तिनं फडकं उचललं, त्यावरचे पोहे नखानं काढले, मांडीवर ठेवून हातानं साफ केलं आणि घडी करून कमरेला खोचलं. दुधात पाणी घालणाऱ्यांना मी आजवर तोंडावर सुनावलं आहे. आई मला वर्षभर एका शब्दानं बोलली नाही. ती जेवायला वाढायची, डोक्याला तेल लावू का विचारायची. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला. उजनी तुडुंब भरली आणि जोतं पाण्याखाली गेलं. मी आठ दिवस आधीच रजा टाकली. आईचा गुडघा बरा नव्हताच, तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि बायकोनं जिना उतरवला. "देव मागं ऱ्हायला आन माझीच मिरवणूक निघाली," ती म्हणाली. वर्षभरात ती पहिल्यांदाच माझी चेष्टा करत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की खुर्ची हातातून सुटता सुटता राहिली.

बायको काठावर थांबली. पळसदेवच्याच एका मच्छीमारानं आईला होडीत सतरंजीवर बसवलं. मूर्ती माझ्या मांडीवर होती.

"वरच्या आळीला न्यायचं का, मावशी?" त्यानं विचारलं.

"व्हय. देवळाच्या मागं."

पाणी सगळीकडं सारखंच दिसत होतं. त्यानं काठावरची पाण्याची टाकी आणि पलीकडचा लिंब यांचा अंदाज घेतला, लांब बांबू रेटत होडी थोडी डावीकडं नेली आणि थांबवली. "ही वरची आळी. हितं माझं जाळं लई आडकतं बघा. तुमच्याच जोत्याला आडकत आसंल."

"आडकनारच," आई अभिमानानं म्हणाली. "दगड घट्ट हाय त्यो."

मग तिनं पिशवीतून दोन शिदोऱ्या काढल्या. एक मूर्तीपाशी ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली. "ही त्येची. आन ही तुझी. भूक लागली तर आपल्यातलं खायाचं."

मच्छीमार मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, म्हातारी लेकाचे लाड करते आहे. मी पाण्याकडं बघत बसलो.

आम्ही दोघांनी मिळून मूर्ती पाण्यात सोडली. तिचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते आणि मूर्ती दिसेनाशी झाली तरी तिनं ते लगेच वर घेतले नाहीत. मग ओल्या हातानं तिनं कमरेचं हिरवं फडकं काढलं. गाठ सोडली. आत वर्षभर बांधून ठेवलेला तांबडा मुरूम होता.

"ह्यो गेल्या सालचा," ती त्या पाण्याला म्हणाली. "वाट चुकला हुता. आनलाय घरी." आणि मूठ उघडली.

मला रडू फुटलं. "आई, चुकलं माझं."

"म्हाईत हाय मला. खाली बस, होडी हालती."

मच्छीमारानं बांबू सरळ खाली खुपसला, दोनदा फिरवला आणि वर काढला. टोकाला काळा गाळ चिकटला होता. मी तो पाटावर घेतला. आईनं त्यातला थोडा अंगठ्यानं चोळला, मग माझा हात ओढून माझ्या तळहातावर ठेवला. "चोळ. कळतंय का? ह्यो शिंपल्याचा चुरा. ह्यो चिकटपना. आता न्हाय इसरायचं." मी चोळला. आयुष्यभर नमुने तपासले, पण कुणी हात धरून शिकवलेला हा एकच.

गेल्या वर्षी तिला गाडीत बसवणंही जमण्यासारखं नव्हतं. मी एकटाच गेलो. टाकी आणि लिंब बघून त्याच मच्छीमाराची होडी थांबवली, मूर्ती सोडली, शिदोरी फडक्यासकट सोडली, बांबूच्या टोकाचा गाळ पाटावर घेतला. यायला अंधार झाला. आई कॉटवर वाट बघत होती. मी तिच्यापुढं पाट धरला आणि दिवा जवळ घेतला, म्हणजे तिला नीट बघता येईल.

तिनं पाटाकडं बघितलं नाही. अंगठाही लावला नाही. माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघून म्हणाली, "पाय धू आदी. आन त्येवढी माती तुळशीत टाक जा."