उजव्या डोळ्याखालचा ओघळ

कमी बोलणाऱ्या माणसाचं लोकांना खरं वाटतं. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी कित्येक वर्षं डोळ्यांची आखणी केली, आणि तेवढ्या काळात कामापलीकडे फारसं बोलले नाही. त्यामुळे मी काही म्हटलं की ते तसंच असणार, असं सगळे धरून चालत. मला ते आवडायचं. आता त्याचीच लाज वाटते.

माझ्या शेजारी घासकामाला, म्हणजे कच्च्या मूर्ती घासून गुळगुळीत करायला, गडब गावची एक बाई बसायची. रोज मिनीडोर रिक्षाने यायची आणि पाटावर टेकायच्या आधीच तिचं सुरू व्हायचं. वाटेत कोण कोणावर भडकलं, कोणाच्या म्हशीने कोणाचं वाळवण खाल्लं. त्यात निम्मा तिखटमीठ लावलेला भाग. आम्ही पोट धरून हसायचो आणि तिला थापाडी म्हणायचो. आधी मीही तिच्याबरोबर घासकामच करायचे. माझा हात स्थिर आहे हे शेठला तिनंच ओरडून सांगितलं, म्हणून ब्रश माझ्या हातात आला. आखणी म्हणजे कारखान्यातलं मानाचं काम. शेठ घासणाऱ्या बायकांना अगं-तुगं करायचा, मला मात्र वहिनी म्हणायचा. रोह्याला माहेरी गेले की भाऊ चारचौघांत सांगायचा, गणपतीचे डोळे आमची ताई काढते.

आषाढातली घाई होती. एका मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा पुरा करून मी डावा घेतला होता. पाठ भरून आली म्हणून जरा मागे सरले, तर बल्बच्या उजेडात चमकणाऱ्या ओल्या उजव्या डोळ्यातून गालावर पाण्याचा चकचकीत ओघळ. ब्रश हातातून गळून पडला.

"रडतोय गो!" एवढंच मी म्हणाले.

गडबवाली उठली, मूर्तीच्या गालाला नाक लागेल इतकी जवळ गेली. "मला काय नाय दिसत गो. कोरडा हाय गाल."

पण तोवर मागच्या बायका धावत आल्या होत्या. एकीने हात जोडले, "व्हय गो, दिसला!" मग दुसरीलाही दिसला. दुपारपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. येणारा आधी विचारायचा, पहिलं कोणी पाहिलं? माझ्याकडे बोट दाखवलं की पुढे कोणी काही विचारत नसे. डोळे काढणाऱ्या बाईनेच पाहिलंय म्हटल्यावर शंका कसली! गडबवाली मात्र विचारील त्याला सांगत होती, मी तिथंच होते, काय नव्हतं. शेवटी एका म्हातारीने तिला सुनावलं, "एरवी थापा मारतेस ती मारतेस, आज देवाला खोटं पाडतेस?" मला तेव्हा माझंच खरं वाटत होतं, त्यामुळे मीही तिच्याकडे रागाने पाहिलं.

संध्याकाळी घरी देवापुढे समई लावली, आणि ज्योतीखाली तोच ओघळ. मोरीतल्या बल्बखाली तोच. समोरच्या घरातल्या दिव्याखालीसुद्धा. एक डोळा हाताने झाकला की ओघळ गायब, हात काढला की हजर. मी भिंतीला टेकून खाली बसले. गणपती बिचारा रडलाच नव्हता. माझा डोळा जायला लागला होता.

हे सांगायला हवं होतं. पण सांगितलं की आखणी गेली. डोळा अधू असलेल्या बाईला देवाचे डोळे कोण काढू देईल? मी सकाळी रोजच्यासारखी कामावर गेले.

त्या दिवशी रोह्याहून दोन मास्तर आले. कुठे असा चमत्कार झाला की ते जाऊन शहानिशा करत. भली माणसं होती, कोणाची टिंगल केली नाही. मूर्तीचा गाल टिपकागदाने टिपून पाहिला, कागद कोरडा निघाला. मग त्यांनी मला विचारलं, कुठे बसला होता, उजेड कुठून येत होता, उपास होता का? मी सगळं खरं सांगितलं.

"चष्मा आहे?"

"नाही."

तेही खरंच होतं. चष्मा मी कधी केलाच नव्हता.

मग त्यांनी गडबवालीला पुढे बोलावलं. "तुम्ही शेजारी होतात आणि तुम्हाला काही दिसलं नाही म्हणता. मग या बाईंची नजर कमी झाली असेल का?"

तिला माहीत होतं. गेले काही आठवडे माझी रेघ हलत होती, आणि शेठच्या लक्षात यायच्या आधी तीच हळूच कानाशी सांगायची, डावा जरा खाली आलाय गो, पूस. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तिची नजर?" ती म्हणाली. "आख्ख्या पेणमध्ये अशी नजर नाय कुणाची. सुईत दोरा मी तिच्याकडून ओवून घेते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आदल्या दिवशी ती खरं सांगत होती तेव्हा कोणी ऐकून घेतलं नव्हतं. आज ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि ते मास्तरांनाही पटलं. दमट हवेने रंगावर ओल धरली असेल, असं सांगून ते गेले. मी मान खाली घालून ब्रश धुवत राहिले.

पुढे गिऱ्हाइकं सांगू लागली, देवाला खोटं पाडणाऱ्या त्या बाईचा हात आमच्या मूर्तीला नको. शेठने तिला मागच्या गोदामात पॅकिंगचा पेंढा बांधायला बसवलं. तिच्या गोष्टी ऐकायला तिथे कोणी नव्हतं. दिवाळीनंतर ती आलीच नाही. डोलवीला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ठेक्यावर लागल्याचं कळलं. मी रोह्याला भावाकडे जाते असं सांगून गेले आणि गुपचूप मोतीबिंदू काढून आले. नंतर बरीच वर्षं आखणी केली. गडब काही लांब नाही, पण मी एकदाही तिच्याकडे गेले नाही. तिला दाखवायला मला तोंडच नव्हतं.

गेल्या वर्षी पेणच्या एसटी स्टँडवर ती भेटली. आता आम्ही दोघीही म्हाताऱ्या, ब्रश माझ्या हातून केव्हाच सुटलेला. बरोबर तिची सून होती. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवेल. ऐकवले असते तर बरं झालं असतं.

"हीच ती," तिने सुनेला सांगितलं. "हिच्यासमोर गणपती रडला. मी बाजूलाच होते, पण मला नाय दिसला. माझंच पाप, दुसरं काय."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. सगळे एकीकडे आणि ती एकटी. माझी नजर चांगली, हे तर तीच लोकांना सांगून बसलेली. इतक्या वर्षांत केव्हातरी तिने स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं.

सून माझ्या पाया पडायला वाकली. आता आखणी जायची भीती नव्हती, आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीसारखी गप्प राहिले.