खडूच्या काळातला काळा दगड

लॅटिनमध्ये क्रेटा म्हणजे खडू. युरोपात खडूचे जाडजूड पांढरे थर सापडले, म्हणून ते थर ज्या काळात साचले त्याला क्रिटेशियस नाव पडलं. रत्नागिरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना, २००१ साली, मी हे घोकून पाठ केलं होतं. घोकण्यात माझा हात कोणी धरत नसे.

तिसऱ्या वर्षी भूगर्भशास्त्राला जागा मोजक्या. कोणाला घ्यायचं ते सर ठरवत. मला तोच विषय हवा होता. माझे बाबा लांज्याकडच्या चिरेखाणीत जांभ्याचे चिरे काढत, म्हणजे दगडावरच आमचं घर चालत होतं. सरांवर छाप पाडायची म्हणून मी खाणीतलं एक पांढरं ढेकूळ नेलं आणि भर वर्गात म्हणाले, "सर, आपल्याकडचा क्रिटेशियस खडू." सरांनी त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. खडू असता तर फसफसला असता. थेंब तसाच बसून राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर्ग हसला.

"तू बॉटनी घे," सर म्हणाले.

लाज वाटली, पण राग जास्त आला. बॉटनी घ्यायची नाही, हे मी एसटीत बसेपर्यंत ठरवून टाकलं होतं.

बाबांना ढेकूळ दाखवलं तर तेही हसले. "पांढरा दिसला म्हंजे खडू झाला काय गो? शेडी हाय ती. चिऱ्याखाली शेडी लागली की आमी खान बंद करताव."

"पण ती होते कशी?"

"काळा दगड कुजतो, त्याची होते. चल, दाखवतो."

बंद खाणीत पाण्यासाठी खोदलेला एक खड्डा होता. बाबा त्यात उतरले आणि तळाशी पहारीने दगड सुटा केला. एक टोक काळं, टणक. दुसरं पांढरं, नख रुतेल इतकं मऊ. मधे करडा पट्टा.

दुसऱ्या दिवशी तो दगड मी सरांच्या टेबलावर ठेवला.

"परत खडू?" सरांनी विचारलं.

"नाही सर. आपला काळा दगड. क्रिटेशियसच्या शेवटाला लाव्हा आला, त्याचा. त्यांच्याकडे खडू साचला, आपल्याकडे हा. पांढरा झाला तो नंतर, कुजून."

सरांनी पांढऱ्या टोकाला नख लावून पाहिलं. ॲसिडची बाटली उघडलीच नाही.

"कुजतो, हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. वडिलांनी दाखवलं. ते चिरे काढतात."

यादीत माझं नाव लागलं. दगड कॉलेजच्या कपाटात गेला. तिथे प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी असते, आणि तो ज्याने शोधला त्याचं नाव. सरांनी माझं लिहिलं होतं. मी त्यांच्या देखत ते खोडलं आणि बाबांचं लिहिलं.